परंबिकुलमच्या जंगलातली रेल्वे: घाट इंजिनाने नव्हे, दोराने उतरलेला

प्रश्न असा आला आहे: केरळमधल्या परंबिकुलम व्याघ्र प्रकल्पात कुरियारकुट्टीच्या बाजूला चालताना मातीत रुतलेला रुळाचा गंजलेला तुकडा दिसला. वाटाड्या म्हणाला, इथून पूर्वी आगगाडी चालायची. एवढ्या डोंगरात ती चढली कशी, बांधली कुणी आणि बंद का पडली?

वाटाड्याने सांगितलं ते खरं आहे. तुम्ही पाहिलेला तुकडा बहुधा कोचीन स्टेट फॉरेस्ट ट्रामवेचा. नावात ट्रामवे असला तरी मुंबईच्या जुन्या ट्रामशी त्याचा काही संबंध नाही. ही पक्की मीटर गेज रेल्वे होती. चालकुडीपासून परंबिकुलमच्या खोऱ्यापर्यंत साडेएकोणपन्नास मैल, म्हणजे जवळपास ८० किलोमीटर. १९०७ ते १९६३ अशी छप्पन्न वर्षं ती चालली. जंगलातलं लाकूड खाली आणायचं, एवढंच तिचं काम.

माझी नोकरी पर्मनंट वे विभागात गेली. रूळ, स्लीपर, खडी आणि त्याखालची माती सांभाळायची. त्यातली बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात आणि नेरळ-माथेरानच्या छोट्या लाइनीवर काढली. त्यामुळे डोंगरातली कुठलीही जुनी लाइन दिसली की मी आधी चढण पाहतो. कोचीनच्या ट्रामवेची सगळी गोष्ट त्या चढणीतच आहे, म्हणून तुमच्या तीन प्रश्नांपैकी 'चढली कशी' याला मी जास्त वेळ देणार आहे. 'बंद का पडली' याचं निम्मं उत्तर त्यातच मिळेल.

आधी रेल्वेची गरज का पडली ते पाहू. मलबारच्या सागाला फार जुनी मागणी. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी जी जहाजं बांधली त्यांचं लाकूड मुख्यतः तिकडचं. १८१७ साली मुंबईत बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका मलबारी सागाची आहे आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती आजही पाण्यावर तरंगते आहे. हे लाकूड जंगलातून निघायचं ते हत्तींनी ओढून नदीपर्यंत आणि पुढे नदीतून तरंगत. त्यातही एक अडचण होती. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून झाडाच्या बुंध्याला भोवताली कडं पाडून, साल आणि बाहेरचं लाकूड कापून, झाड उभ्याउभ्याच दोन-तीन वर्षं वाळू द्यायचे आणि मग तोडायचे. शिसवीला तीही सोय नाही. ते लाकूड इतकं जड की नदीच्या भरवशावर त्याचा धंदा होत नाही.

कोचीन संस्थान छोटं, पण त्याच्या पूर्वेच्या टोकाला परंबिकुलमचं जंगल होतं आणि तिथे सागाचे अजस्र वृक्ष उभे होते. तिथलं पाणी चालकुडी नदीला मिळतं. मग लाकूड नदीत का नाही सोडलं? तुम्ही अतिरप्पिळ्ळीचा धबधबा पाहिला असेल, तर उत्तर तुमच्यासमोरच होतं. सुमारे ८० फूट उंचीवरून नदी खडकावर कोसळते आणि त्याच्या वरच्या अंगाला वाळच्चालचे खळाळ आहेत. त्या वाटेने सोडलेला ओंडका खाली पोचेपर्यंत त्याच्या चिरफळ्या होतील. जमिनीवरची सोपी वाट पूर्वेकडे, अण्णामलैच्या बाजूने होती. पण तो मुलूख ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यातला. आजही परंबिकुलम केरळात असूनही मोटारीने जायचं तर तमिळनाडूतल्या पोळ्ळाची आणि टॉपस्लिपवरूनच जावं लागतं. तुम्हीही तसेच गेला असाल. शंभर वर्षांपूर्वी कोचीनच्या दरबारापुढे नेमका हाच पेच होता: माल आपला, पण दार दुसऱ्याच्या अंगणात. आपल्याच हद्दीतून, पश्चिमेकडे, थेट डोंगराच्या कड्यावरून वाट काढायची तर रेल्वेशिवाय इलाज नव्हता.

त्या वेळी गादीवर राजर्षी म्हणून ओळखले जाणारे रामवर्मा महाराज होते. १८९५ ते १९१४ अशी त्यांची कारकीर्द. रेल्वेचा त्यांना ध्यास होता. शोरनूर ते एर्नाकुलम ही लाइन १९०२ साली सुरू झाली, तिच्या खर्चासाठी त्यांनी तृप्पुणित्तुरच्या देवळातल्या हत्तींची सोन्याची नेट्टिपट्टं, म्हणजे गंडस्थळावरचे अलंकार, विकल्याची गोष्ट तिकडे घरोघर सांगतात. ही लाइनही मीटर गेज आणि चालकुडी हे तिच्यावरचं स्टेशन. जंगलातून येणारा ट्रामवे तिथे येऊन भिडला की लाकूड बंदरापर्यंत जायला मोकळं. चालकुडीला ट्रामवेचं मुख्य कार्यालय झालं, लाकडाचं आगार झालं आणि दुरुस्तीची कार्यशाळा झाली.

इंजिनं आणि सामग्री बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. हे नाव वाचून मला स्वतःला फार आनंद झाला होता, कारण माथेरानच्या पहिल्या चारही इंजिनांवर याच कंपनीची पाटी आहे. नेरळ-माथेरानही १९०७ सालीच सुरू झाली. एकाच वर्षी सह्याद्रीच्या रांगेत हजारेक किलोमीटरच्या अंतराने दोन छोट्या रेल्वे सुरू झाल्या, दोन्हींना एकाच कारखान्याची इंजिनं. पण डोंगर चढायचे दोघींचे मार्ग पूर्ण वेगळे.

माथेरानला इंजिनच चढतं. चढण वीसला एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्यासाठी लाइन वळणावळणाने डोंगराला गुंडाळत सुमारे २१ किलोमीटर लांब केली आणि तीव्र वळणांवर आस, म्हणजे चाकं जोडणारे दांडे, थोडे फिरू शकतील अशी इंजिनं खास बनवून घेतली. वीसला एक ही साध्या रुळावर इंजिनाने चढायची जवळजवळ शेवटची मर्यादा, असं समजा. का, त्याचा हिशोब सोपा आहे. समजा २० टनांचं इंजिन आहे आणि सगळी चाकं ओढणारी आहेत. कोरड्या रुळावर त्याला वजनाच्या साधारण चौथा हिस्सा पकड मिळते, म्हणजे ५ टन ओढ. रूळ ओला, वर शेवाळ आणि कुजका पाला असेल तर ती दहाव्या हिश्श्यावर येते, २ टन. आता वीसला एक चढणीवर इंजिनाचं स्वतःचं वजनच त्याला १ टनाने मागे ओढतं. उरलेल्या ओढीत डबे. आणि चढण आठला एक असेल तर? इंजिनाचं स्वतःचं वजनच अडीच टनाने मागे खेचणार, पकड दोनच टनांची. म्हणजे मागे एकही डबा नसताना ते इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राहील, नाहीतर घसरत खाली येईल. माथेरानला पहिल्या पावसात वाळू टाकत गाडी वर नेताना चाकं फिरल्याचा जो आवाज येतो, तो ज्याने ऐकला आहे त्याला हा हिशोब कागदावर मांडावा लागत नाही.

परंबिकुलमच्या वाटेवर सपाट भाग आहेत आणि त्यांच्यामध्ये सरळ कडे आहेत. चालकुडीहून वेळ्ळिकुळंगरावरून आनप्पांडमपर्यंत लाइन बरीच सौम्य. पुढे डोंगर अंगावर येतो. कोचीनच्या अभियंत्यांनी तिथे लाइन लांबवली नाही. त्यांनी कड्यावर सरळ उतरणी टाकल्या, ज्यांना रेल्वेत आम्ही इन्क्लाइन म्हणतो, आणि इंजिनं फक्त दोन उतरणींमधल्या टप्प्यांवर चालवली. उतरणीवर इंजिन नाही, मोटार नाही. माथ्यावर एक मोठा फिरता ढोल, त्याला ब्रेक. ढोलावरून गेलेल्या पोलादी दोराच्या एका टोकाला वरचा भरलेला डबा, दुसऱ्या टोकाला खालचा रिकामा. ब्रेक सैल केला की भरलेला डबा आपल्या वजनाने खाली येतो आणि रिकाम्याला वर खेचून नेतो. कोळसा नाही, पाणी नाही, वाफ नाही.

आपल्याकडच्या वाचकाला यासाठी मोट आठवली तरी पुरे. मोटेचे बैल धावेवरून उताराला चालतात, म्हणून त्यांचं वजन पाणी वर काढायला मदत करतं. इथे बैलाच्या जागी सागाचा ओंडका आहे.

अशा उतरणीत एक बारीक कौशल्य असतं आणि मला त्याचं मोठं कौतुक आहे. दोरालाही वजन असतं. सुरुवातीला भरलेला डबा माथ्यावर असतो, तेव्हा जवळजवळ सगळा दोर खालच्या रिकाम्या डब्याच्या बाजूला लोंबत असतो. म्हणजे भरलेल्या डब्याला रिकामा डबाही ओढायचा आणि सगळा दोरही. निघणंच अवघड. मध्यावर दोर दोन्हीकडे सारखा होतो. त्यानंतर दोराचं वजन भरलेल्या डब्याच्या बाजूला येतं आणि वेग वाढू लागतो. शेवटी तर तो आवरावा लागतो. सगळा भार ब्रेकवाल्याच्या हातावर. म्हणून जाणता अभियंता अशी उतरण माथ्याला जास्त तीव्र आणि पायथ्याला सौम्य ठेवतो. पायथ्यापासून वर पाहिलं तर ती थोडी खोलगट दिसते, दोन खांबांना बांधलेल्या सैल दोरीसारखी. जिथे जागा कमी असते तिथे वरच्या अर्ध्यात तीनच रूळ टाकतात, मधला दोन्ही वाटांना सामाईक. डबे एकमेकांना ओलांडतात तिथे, मध्यावर, दोन वाटा सुट्या होतात आणि त्याखाली पुन्हा एकच वाट. पुढच्या वेळी जंगलात गेलात आणि झाडीतून सरळ, एकाच रुंदीचा, डोंगराला काटकोनात जाणारा पट्टा दिसला, तर त्याच्या माथ्यावर ढोलाच्या चौथऱ्याचे दगड शोधा. इंजिनाची वाट डोंगराला कधीच अशी काटकोनात जात नाही.

आता यातली मेख लक्षात घ्या. या यंत्रात वर जायची ताकद खाली येणाऱ्या मालातून येते. जंगलात राबणाऱ्या माणसांचा तांदूळ, मीठ, तेल, कुऱ्हाडी, इंजिनाचा सुटा भाग, काहीही वर जायचं असेल तर त्याच क्षणी त्याहून जड लाकूड खाली यायला हवं. लाकूड थांबलं की वरची वाटही थांबली. लाकडाऐवजी डब्यात दगड भरून काम चालवता येतं, पण मग दगड खाली साठत जातात आणि मजुरी फुकट जाते. ज्या दिवशी अशी लाइन आखली जाते त्याच दिवशी ठरून जातं की ती एकाच मालाची आणि एकाच दिशेची. पुढे कधी प्रवासी, शेतमाल, वस्ती यांच्यासाठी ती वळवता येत नाही. माथेरानच्या लाइनीवर माणसं चढली, भाजी चढली आणि कधीकाळी पाणीही चढलं. म्हणून ती काळाबरोबर बदलू शकली. कोचीनच्या ट्रामवेला तशी मुभा नव्हती.

दुसरी मर्यादा क्षमतेची. समजा एका उतरणीवर डबा जोडणं, सोडणं, उतरवणं आणि दोर मोकळा करणं याला पंधरा मिनिटं लागली, तर तासाला चार फेऱ्या झाल्या. एकामागे एक अनेक उतरणी असतील तर सगळ्या लाइनीचा वेग सर्वांत संथ उतरणीएवढाच. मधल्या टप्प्यावर कितीही चांगलं इंजिन आणा, उपयोग नाही. आणि दोर रोज तपासावा लागतो. पोलादी दोर आतून झिजतो, तारा एकेक करून तुटतात, वरून चकचकीत दिसतो. पावसाळ्यात तर काय सांगावं. २००५ च्या जुलैमधल्या पावसाने माथेरानची लाइन जागोजागी वाहून गेली, तेव्हा मी तिथे होतो. खडी गेलेली, रूळ हवेत लोंबकळत, भिंती दरीत. ती पुन्हा सुरू व्हायला जवळपास दोन वर्षं गेली. परंबिकुलमच्या बाजूचा पाऊस सह्याद्रीच्या पावसाचा सख्खा भाऊ आहे. छप्पन्न पावसाळे ती लाइन उभी ठेवणारे गँगमन, मुकादम आणि दोरवाले कोण होते, त्यांची नावं कुठल्या कोनशिलेवर नाहीत. कादर, मलसर यांसारख्या तिथल्या आदिवासींच्या पाऊलवाटांच्या ज्ञानाशिवाय त्या कड्यांवर सर्वेक्षणाची साखळीसुद्धा पडली नसती, असं माझं ठाम मत आहे.

तुलनेसाठी अमेरिकेतलं एक उदाहरण देतो, कारण लाकूडवाहू रेल्वेचं खरं माहेर तिकडे. तिथल्या कंत्राटदारांनी दोर कमी आणि इंजिन जास्त वापरलं. मिशिगनचे एफ्राइम शे हे स्वतः लाकडाच्या धंद्यातले. त्यांनी असं इंजिन बनवलं की ज्याचे सिलिंडर एका बाजूला उभे, आणि बाजूने गेलेला दांडा दातेरी चाकांनी प्रत्येक आस फिरवतो. १८८१ मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि १९४५ पर्यंत अशी सुमारे २,७७० इंजिनं तयार झाली. गती बैलगाडीपेक्षा थोडीच जास्त, पण ओढ जबरदस्त आणि वाकड्यातिकड्या रुळावरही सगळी चाकं जमिनीला धरून. वेस्ट व्हर्जिनियात कॅस नावाच्या गावाहून १९०१ पासून टाकलेल्या लाइनीवर नऊला एकपर्यंत चढणी आहेत. मघाचा माझा हिशोब तिथे कसा मोडला, असं तुम्ही विचाराल. मोडला नाही. टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, त्याच्याखालचीसुद्धा चाकं ओढीला लावलेली, गती नाममात्र, ओढ अखंड सारखी, वाळूचा मारा, आणि डोंगर दोन ठिकाणी झिगझॅगने, गाडी पुढे-मागे करत चढायचा. ही झिगझॅगची युक्ती आपल्याला नवी नाही. १८६३ मध्ये बोरघाटाची लाइन सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ असंच उलटं स्टेशन होतं, गाडी तिथे थांबून उलट दिशेने पुढे चढायची.

कॅसचा इतिहास आणि कोचीनचा इतिहास एका साली एकमेकांना छेदतात. कॅसचं लाकडाचं काम १९६० मध्ये थांबलं, इंजिनं भंगारात जायच्या बेतात होती, तेवढ्यात राज्य सरकारने लाइन विकत घेतली आणि १९६३ मध्ये तीच जुनी शे इंजिनं प्रवाशांना घेऊन डोंगर चढू लागली. त्यातलं १९०५ चं एक इंजिन अजून धावतं. त्याच १९६३ मध्ये कोचीनचा ट्रामवे बंद झाला आणि रूळ उखडले गेले. कुणी म्हणेल, आपल्याला वारशाची किंमत नव्हती. थोडं खरं आहे. पण मला त्यामागे यंत्राचा फरकही दिसतो. कॅसला इंजिनामागे डबे लावले की माणूस डोंगरावर पोचतो. कोचीनला दोरावरच्या उतरणीवर माणसं बसवणं कुठल्याही सुरक्षा अधिकाऱ्याने मान्य केलं नसतं, मीही केलं नसतं. आणि वर जायला खाली येणारं लाकूड हवंच होतं.

बंद पडण्याची बाकीची कारणं थोडक्यात सांगता येतील. रुळाजवळचा चांगला साग आधी तुटतो, मग झाड ते रूळ हे हत्तीने ओढायचं अंतर दरवर्षी वाढत जातं. लाइनीचा खर्च मात्र तेवढाच राहतो. १९३० च्या दशकात शोरनूर-एर्नाकुलम लाइन ब्रॉडगेज झाली आणि चालकुडीला दोन वेगळ्या रुंदीचे रूळ शेजारी आले, म्हणजे जोडणीतली सहजता गेली. १९४९ मध्ये त्रावणकोर आणि कोचीन एक झाले, १९५६ मध्ये केरळ राज्य झालं. ज्या हद्दीपायी हा सगळा खटाटोप होता ती संस्थानाची हद्दच उरली नाही. मग परंबिकुलम-अळियार प्रकल्पाची धरणं आली, पूर्वेकडून रस्ते आत शिरले आणि ट्रकने ओंडके न्यायची सोय झाली. ट्रकला दोर लागत नाही, ढोल लागत नाही, वर जाण्यासाठी खाली काही यावं लागत नाही.

जंगलाविषयी एक सांगायला हवं. परंबिकुलममध्ये सरळ रेषेत, एकाच वयाचा दिसणारा जो साग तुम्ही पाहिला तो नैसर्गिक नाही. मोठ्या क्षेत्रावर तो तोडीनंतर लावलेला आहे. मूळचं रान कसं होतं त्याची कल्पना कन्निमरा सागाजवळ उभं राहिलं की येते. सुमारे सात मीटर घेर. कुऱ्हाड लावली तेव्हा त्यातून रक्त आलं म्हणून तो सोडला, अशी तिकडची कथा आहे. या लाइनीचं अभियांत्रिकी काम मला अतिशय सुंदर वाटतं आणि तिने वाहून नेलेलं रान आठवलं की वाईटही वाटतं. दोन्ही भावना मी एकमेकींत मिसळू देत नाही.

कुरियारकुट्टीचं नाव तुम्ही काढलंत म्हणून शेवटी तेवढं. मुंबईच्या सालिम अलींनी १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं तेव्हा त्यांचा एक मुक्काम कुरियारकुट्टीला होता. तेव्हा हा ट्रामवे चालू होता. आज तिथे त्यांच्या नावाचं माहिती केंद्र आहे. पुन्हा गेलात तर वनखात्याच्या वाटाड्याबरोबरच जा, रुळाचा तुकडा उचलून आणू नका, पण तो नीट पाहा. रुळाच्या उभ्या पोटावर बनवणाऱ्याचं नाव आणि साल कधीकधी उठावाने लाटलेलं असतं. गंज ब्रशने खरवडायचा नाही. सकाळी उन्हं तिरपी असताना बाजूने पाहिलं की अक्षरं आपोआप वाचता येतात.